पंचविसावी पट्टी

बसा. पण जरा थांबा, टेकायच्या आधी खुर्चीकडे एकदा बघून घ्या. हं, ही चालेल. प्लास्टिकची आहे, हिला ना आई ना बाप. मी सांगणार आहे ती गोष्ट वेताच्या खुर्चीची. ती ऐकून झाली की तुम्ही कुणाच्याही घरी गेलात तरी बसण्याआधी बैठकीखालून हात फिरवून बघाल, एवढं आत्ताच सांगून ठेवतो. घाबरवायचा उद्योग म्हणून सांगत नाही. माझं एक काम आहे तुमच्याकडे. ते शेवटी सांगतो, आधी सांगितलं तर तुम्ही मला वेड्यात काढाल.

एक वेतवाला आहे. पन्नाशी ओलांडलेला, बोटं जाड, नखं कायम भिजलेली. बोलणं इतकं कमी की त्याची बायको म्हणते, यांच्यापेक्षा खुर्ची जास्त कुरकुरते. काम बापाकडून आलेलं. कुणाच्या घरी बैठक फाटली, वेत तुटून माणूस मधोमध खाली लोंबायला लागला, की वेतवाल्याला निरोप जायचा. मग हा खांद्यावर वेताचं भेंडोळं, पिशवीत टोच्या, छोटी हातोडी आणि मूठभर लाकडी खुंट्या घेऊन त्यांच्या घरी. खुर्ची आपल्याकडे उचलून आणायची नाही, गिऱ्हाईकाच्या दारात बसूनच विणायची, हा बापाचा नियम. कारण तिच्यावर कोण बसणार ते बघितल्याशिवाय वेत किती ताणायचं ते कळत नाही. अंगानं भरलेला असेल तर जरा सैल. गुडघे धरलेली बाई असेल तर ताठ, म्हणजे उठताना बैठकीनंच तिला वर ढकललं पाहिजे. एका खुर्चीला दोन दिवस. पट्ट्या पाण्यात भिजवायच्या, चौकटीच्या भोकांतून उभ्या ओढायच्या, मग आडव्या, पुन्हा उभ्या, पुन्हा आडव्या, आणि शेवटी तिरक्या दोन्हीकडून. दोन दिवस माणूस तुमच्या दारात बसला की तुमच्या घरात कोण कुणाशी बोलत नाही हेसुद्धा त्याला कळतं. वेतवाल्याला सगळ्या गावाचं कळायचं. पण सांगणार कुणाला, बोलायचीच बोंब.

बापाचा दुसरा नियम जरा वेगळा होता. जुनी बैठक उसवली की तिची एक पट्टी जपून काढायची, तुकडा नाही, अखंड, आणि नव्या बैठकीत मागून तिसरी आडवी म्हणून तीच विणायची. नव्या पिवळ्या वेतात ती एकटी काळपट दिसते. गिऱ्हाईक विचारायचं, हे काय, वेत कमी पडलं का? बाप सांगायचा, त्याशिवाय खुर्चीला घरची माणसं ओळखू येत नाहीत. लोक हसायचे. बाप पण हसायचा, पण पट्टी काढू द्यायचा नाही. आणि काम झालं की बोटाच्या सांध्यानं बैठकीला खालून दोनदा ठोकायचा. टक, टक. आवाज खणखणीत आला की उठायचा.

हा बाप आठ वर्षांपूर्वी गेला. दुपारी चारची वेळ, आपल्या खुर्चीत बसलेला, समोरच्या खुर्चीत म्हातारी. रोज दोघं तसेच बसायचे, पंचेचाळीस वर्षं. त्या दिवशी म्हणाला, "अगं, तुला एक सांगायचं राहिलं," आणि तेवढ्यावरच मान कलली. सांगायचं ते राहिलंच.

म्हातारीनं काय केलं, तर काहीच बदललं नाही. दुसऱ्या दिवसापासून रोज चार वाजता आपल्या खुर्चीत बसून समोरच्या रिकाम्या खुर्चीशी बोलायला लागली. घरच्यांना वाटलं, वय झालं, बोलू दे. पण वेतवाल्यानं एक गोष्ट बघितली होती आणि ती कुणाला सांगितली नव्हती. चार वाजले की त्या खुर्चीची बैठक जराशी खाली जायची. माणूस बसल्यावर जाते तेवढी नाही, हात ठेवल्यावर जाते तेवढी. हवेतला ओलावा, असं तो मनाला सांगायचा. वेताला ओलावा लागतो हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? पण ओलावा घड्याळ बघून येत नाही. एकदा आईनं भाजी निवडता निवडता सहज सांगितलं, की तुझे बाबा रोज तेच वाक्य म्हणतात आणि दरवर्षी एखादा शब्द पुढे सरकतात. आता फार नाही राहिलं. वेतवाल्यानं हूं केलं आणि भेंडोळं सोडवत बसला.

आता यात मेहुणा आला. बायकोचा भाऊ. माणूस वाईट नाही, हे मी आधीच सांगतो. त्याचं रस्त्याला लागून एक दुकान होतं, टेबलं, कपाटं असलं काहीबाही विकायचा, आणि जिभेला हाड नव्हतं. वेतवाल्याची बोटं सकाळी आखडायला लागली होती. कोमट पाण्यात धरल्याशिवाय मूठ वळायची नाही. बायकोनं ते भावाच्या कानावर घातलं, आणि मेहुणा एका रविवारी येऊन बसला तो दिवसभर उठला नाही.

त्याचं म्हणणं साधं होतं. दाजी, तुम्ही हात विकताय. हात दोनच आहेत आणि ते पण आता कुरकुर करतात. तुम्ही आजारी पडलात की धंदा अंथरुणात. लोकांच्या दारात बसून लोकांच्या फाटक्या खुर्च्या शिवण्यापेक्षा स्वतःच्या नव्या खुर्च्या करा. सुताराकडून चौकटी आणू, माझ्या दुकानाच्या मागच्या खोलीत बसून विणा, मी विकतो. वस्तू एकदा तयार झाली की ती तुमची वाट बघत नाही. तुम्ही झोपलात तरी विकली जाते. हाताखाली चार माणसं ठेवली की तुम्ही नुसतं बघायचं.

वेतवाला म्हणाला, कुणासाठी ताणायचं ते कसं कळणार? मेहुणा म्हणाला, सगळ्यांसाठी सारखंच ताणायचं, माणसाचं बूड सगळीकडे सारखंच असतं. बायको हसली. मग हसू आवरून म्हणाली, "अहो, तुमच्या बोटांकडे बघून मला रात्रभर झोप लागत नाही. एकदा करून तर बघा." तिनं असं म्हटल्यावर वेतवाल्यानं मान डोलावली. चोवीस चौकटी सांगितल्या.

पहिलीच नवी खुर्ची विणायला घेतली आणि मागून तिसऱ्या ओळीला हात थांबला. तिथे जुनी पट्टी यायला हवी होती. नव्या खुर्चीला जुनी आणायची कुठून? बायको म्हणाली सोडा तो हट्ट. त्यानं सोडला, सगळं नवंच वेत घालून बैठक पुरी केली, आणि स्वतः बसून बघितलं. रिकाम्या माठात तोंड घालून बोललं की आपलाच आवाज जसा परका होऊन येतो, तसं त्याला वाटलं. खालून ठोकलं तर आवाज बद्द. दुसऱ्या दिवशी त्यानं ती सगळी उसवली.

आणि मग त्याची नजर बापाच्या खुर्चीवर गेली.

मन कसं असतं बघा, चोरी करायची ठरली की आधी कारण शिजवून ठेवतं. बाबांची बैठक तशीही सैल झाली होती. विणायला आलीच होती. आईला सांगितलं, बाबांची खुर्ची नवी करून देतो. आई म्हणाली, "कर. एक जुनी ठेव म्हणजे झालं." तो हो म्हणाला आणि खुर्ची दुकानात घेऊन गेला.

जुनं वेत कापून काढणं सोपं, पण अखंड पट्ट्या हव्या तर ओलं फडकं टाकून एकेक उसवावी लागते. उभ्या आणि तिरक्या तुटल्या. आडव्या पंचवीस धड निघाल्या, चहासारख्या रंगाच्या, आणि बोटाला लागल्या की कोमट. चोवीस नव्या खुर्च्यांत गेल्या, मागून तिसरी आडवी. ठोकलं तर खणखणीत. मेहुण्यानं हात फिरवून बघितलं, मग पुन्हा एकदा फिरवून बघितलं. पंचविसावी पट्टी खिळ्याला टांगून ठेवली, बाबांच्या खुर्चीसाठी.

चोवीसच्या चोवीस खुर्च्या आठवड्यात गेल्या. दुकानात बघायचं, बोट दाखवायचं, टेम्पोवाला घरपोच करणार. वेतवाल्यानं एकाही गिऱ्हाईकाचं तोंड बघितलं नाही. आणि मग एक माणूस आला, म्हणाला खुर्ची हवी. मेहुण्याकडे एक चौकट शिल्लक होती, सुतारानं वरकड म्हणून दिलेली. दोन दिवसांत देतो, असं मेहुण्यानं कबूल करून टाकलं. वेतवाला म्हणाला, पट्टी नाही. मेहुण्यानं खिळ्याकडे बोट दाखवलं.

इथे चूक झाली. वेतवाल्यानं बराच वेळ विचार केला, पण विचार करून चूक केली तर ती काय कमी होते? त्यानं असा हिशोब मांडला, की जुनी पट्टी लागते ती खुर्चीला माणूस ओळखू यावा म्हणून. बाबांची चौकट तर तीच आहे, घर तेच आहे, समोर आई तीच आहे. तिला आणखी ओळख कशाला? आणि पंचविसावी पट्टी पंचविसाव्या खुर्चीत विणून टाकली. तो माणूस ठरल्या दिवशी आला. टेम्पो नको म्हणाला. खुर्ची उलटी करून डोक्यावर घेतली, चारही पाय वर, आणि निघाला. बैठकीनं त्याचं तोंड झाकलेलं. वेतवाल्याला दिसली ती फक्त पाठ, आणि ती काळपट पट्टी, कोपऱ्यावर वळेपर्यंत.

बापाची खुर्ची घरी आली, नवीकोरी, पिवळीधमक. चार वाजता आई समोर बसली. काहीतरी बोलली, थांबली. उत्तराला लागतो तेवढा वेळ थांबली. मग आणखी थोडा. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी तिनं आपली खुर्ची भिंतीकडे वळवून घेतली. रडणं नाही, ओरडणं नाही. जेवण मात्र अर्ध्यावर आलं. आठव्या दिवशी तिनं मुलाला विचारलं, एक ठेवलीस ना? तो म्हणाला, ठेवली. म्हातारी उठली, वाकली, बैठकीखाली हात घातला आणि मागून मोजलं. एक, दोन, तीन. पंचेचाळीस वर्षं वेत विणणाऱ्या नवऱ्याशेजारी काढलेली बाई ती, तिला डोळे लागत नव्हते. हात बाहेर काढून मांडीवर पुसला आणि आत जाऊन पडली.  तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

तिकडे मेहुण्याच्या दुकानात लोक यायला लागले. तक्रार म्हणावी तर तक्रार नाही. खुर्ची फार छान आहे हो, एवढंच सांगायचं होतं की तिच्यावर कुणी बसत नाही. एका घरात पाच माणसं आणि पाच खुर्च्या, तरी जेवताना एक जण उभा. का, ते कुणालाच सांगता येईना. एकाचा पाहुणा बसायला गेला आणि "माफ करा" म्हणून उठला, आणि मग स्वतःच गोंधळून घरी निघून गेला. एका घरची मांजर तिच्यासमोर पंजे मिटून बसून राहायची, कुणीतरी घास टाकेल म्हणून बसते तशी.

वेतवाल्यानं ऐकलं आणि त्यातल्या एका घरी गेला. गल्लीतलं साधं घर, नवरा-बायको दोघं सकाळपाळी करून आलेले. खुर्ची जेवणाच्या टेबलाशी होती. नवरा सांगायला लागला की तसं काही नाही, आमचीच सवय नाही अजून. इतक्यात भिंतीवरच्या घड्याळात चार वाजले आणि बैठक खाली गेली. हात ठेवल्यावर जाते तेवढी. आणि खालून आवाज आला. टक, टक. बायको म्हणाली, रोजचं आहे हे, वेत सुकतं ना? वेतवाला त्यांच्याकडे न बघता हो म्हणाला. त्याच्या मनात एकच आलं, की याच वेळी चोवीस घरांत हाच आवाज झाला असणार. आणि एका घरात आणखी, जे त्याला माहीत नाही.

तो घरी आला तेव्हा मेहुणा येऊन बसलेला, तोंडभर हसत. एका मोठ्या सभागृहाच्या माणसानं कुणाकडे तरी खुर्ची बघितली होती. तीस खुर्च्या हव्या होत्या. पसंत पडल्या तर आणखी दोनशे. वेतवाल्यानं तुटक तुटक सगळं सांगितलं. आवाज, मांजर, आई. मेहुण्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "दाजी, न बसलेली खुर्ची झिजत नाही. याच्यापेक्षा चांगला माल कुठला?"

वेतवाल्याला हसू आलं नाही. म्हणाला, कोऱ्या खुर्च्या मला जमत नाहीत आणि वाटायला माझ्याकडे दुसरा बाप नाही.

मेहुण्यानं खोलीत इकडे तिकडे बघितलं. त्याला खरंच काही कळत नव्हतं, त्याच्यासाठी ते जुनं वेतच होतं. त्यानं भिंतीकडे वळवलेल्या खुर्चीकडे हनुवटी केली. "ते पण जुनंच आहे की."

त्या खुर्चीत म्हातारी बसली होती. पाठमोरी, केस विंचरत.

वेतवाल्याला राग आला असं तुम्हाला वाटेल. नाही आला.  कारण मेहुणा बोलायच्या आधीच, चोरटेपणानं, त्याच्या डोळ्यांनी त्या बैठकीतल्या पट्ट्या मोजून ठेवल्या होत्या. तीस निघाल्या असत्या. बरोबर तीस. आपण कधी मोजल्या ते त्याला आठवेना. म्हातारीचा कंगवा मध्येच थांबला, जणू पाठीवर कुणी बोट ठेवलं.

तो उठला, पिशवी घेतली, तीत टोच्या, हातोडी आणि खुंट्या टाकल्या. बायकोनं विचारलं, कुठे? म्हणाला, लोकांच्या दारात. मेहुणा म्हणाला, आणि तीस खुर्च्या? बायकोनं नवऱ्याच्या बोटांकडे बघितलं, मग सासूच्या पाठीकडे, आणि भावाला म्हणाली, "तू आता घरी जा."

आता सेवेच्या धंद्यात आणि मालाच्या धंद्यात हाच तर फरक आहे. हातानं काम करणाऱ्याला गिऱ्हाईकाचं घर माहीत असतं, घरातली माणसं माहीत असतात. माल विकला की गिऱ्हाईक फक्त पाठमोरं दिसतं. त्या एका घराशिवाय वेतवाल्याला एकही पत्ता ठाऊक नव्हता. टेम्पोवाल्याला मात्र चोवीस दारं पाठ होती. इथे जिना अरुंद, तिथे कुत्रं अंगावर येतं, पलीकडे बाईनं पाणी दिलं होतं, असं सांगत तो घेऊन गेला.

वेतवाला दारात उभा राहून एवढंच म्हणायचा, खुर्चीत एक पट्टी चुकून गेली आहे, बदलून देतो. पण नुसती काढून चालणार नव्हतं, खुर्ची पुन्हा कोरी झाली असती. म्हणून घरात जुन्या वेताचं काही आहे का विचारायचा. वेत गुंडाळलेली आजोबांची काठी असायची, पाळण्याची बाजू असायची, बिनझाकणाची टोपली असायची. त्यातली एक पट्टी सोडवून ती खुर्चीत, आणि बापाची पट्टी ओल्या फडक्यात. मग खालून दोनदा ठोकायचं. त्या घरची माणसं संध्याकाळच्या आत त्या खुर्चीसाठी भांडायला लागायची.

एक पट्टी घरी आली की तो बापाच्या खुर्चीतली एक नवी ओळ उसवून तिथे ती घालायचा. पहिल्या दिवशी काही झालं नाही. तिसऱ्या पट्टीला आईनं खुर्ची भिंतीकडून अर्धी वळवली. सहाव्या पट्टीला म्हणाली, आज त्यांचा खोकला आला. बारा झाल्या तेव्हा ठोकल्याचा आवाज आला, सगळ्यांनी ऐकला, सुनेच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. म्हातारी पोटभर जेवायला लागली. पण बोलणं नव्हतं अजून.

तेविसाव्या घरी अडलं. तिथे एक निवृत्त शिक्षिका एकट्याच राहायच्या. खुर्ची त्यांनी खिडकीपाशी ठेवली होती, समोर छोटं टेबल आणि टेबलावर दोन कप. वेतवाला वाकायला लागला तशा म्हणाल्या, "हात लावू नका. चार वाजत आलेत." मग विचारलं, कोण आहेत ते? तो म्हणाला, माझे वडील. बाईंनी मान हलवली, जणू हजेरीपटावरचं एखादं नाव जुळलं. म्हणाल्या, "बरे आहेत. जास्त बोलत नाहीत." आणि थोड्या वेळानं, "माझ्याकडे सहा वर्षांत कुणी बसलं नव्हतं."

वेतवाला उभाच राहिला. त्याला सांगायचं होतं की माझी आई वाट बघते आहे, पण समोरची बाई पण वाटच बघत होती. चार वाजले, टक टक झालं, बाईंनी दुसरा कप खुर्चीकडे सरकवला. तो थंड होईपर्यंत दोघं बसून राहिले. मग त्यानं विचारलं, तुमच्या घरी वेताचं काही जुनं आहे? आधी नाही म्हणाल्या. मग म्हणाल्या, माळ्यावर यांची आरामखुर्ची आहे, मोडकी, काढून टाकायला हात होत नाही.

त्यानं ती उतरवली. दोन दिवस दारात बसून नव्या खुर्चीची अख्खी बैठक पुन्हा विणली, आणि यावेळी बाईंकडे बघून, त्यांच्या नवऱ्याचं वजन विचारून ताण धरला. मागून तिसरी त्या आरामखुर्चीची. बोटं आखडली की बाई गरम पाणी आणून द्यायच्या. काम झालं, त्यानं ठोकलं, बापाची पट्टी ओल्या फडक्यात घेतली, आणि हत्यारं गोळा करून बाहेर आला. मागे बाईंनी हळूच दार लोटलं. पायऱ्या उतरताना त्याला आतून त्यांचा आवाज ऐकू आला, वर्गात उशिरा आलेल्याला विचारावं तसा. "इतके दिवस कुठे होतात?"

पुढचं एक घर झालं आणि चोवीस पट्ट्या परत आल्या. आता बापाच्या खुर्चीत आडव्यांतली एकच ओळ पिवळी राहिली आहे, मागून तिसरी. आणि चार वाजता सगळं होतं. बैठक खाली जाते, खोकला येतो, टक टक होतं, आणि म्हातारी सांगते की वाक्य पण येतं. "अगं, तुला एक सांगायचं राहिलं," तिथून पुढे आठ वर्षांत आलं होतं तितकं सगळं येतं. फक्त शेवटचा शब्द येत नाही. तिथे तो थांबतो, ती थांबते, आणि त्या खोलीत श्वास सोडायला सुद्धा जागा राहत नाही.

वेतवाला पुन्हा लोकांच्या दारात बसून विणतो. बोटं दुखतात, बायको रात्री तेल लावून देते. मेहुण्यानं वेत सोडलं, तो आता प्लास्टिकच्या विकतो. तुम्ही बसलाय ती त्याचीच. त्याच्यावर राग धरू नका, तो सुद्धा रोज दुकानाच्या दारात उभा राहून डोक्यावर खुर्ची घेतलेला माणूस दिसतो का बघत असतो. आणि म्हातारीचं सांगायचं तर डॉक्टर म्हणाले, हिच्यात आता काही राहिलेलं नाही, कशावर चालली आहे आम्हाला कळत नाही. घरच्यांना कळतं. तिला जायचं आहे. पण वाक्य पुरं ऐकल्याशिवाय ती उठणार नाही.

म्हणून तुम्हाला बसवलं. तुम्ही फिरता, चार घरी जाता. कुठे वेताची खुर्ची दिसली तर बैठकीखाली हात घाला आणि मागून मोजा. तिसरी आडवी काळपट लागली, बोटाला कोमट लागली, तर तिच्यावर बसू नका. त्या घरच्यांना खुर्ची द्यायची नसेल तर नका मागू, वेतवाला स्वतः येईल. पण चार वाजेपर्यंत थांबा. तिच्यासमोर एखाद्या खुर्चीत बसा, दोनदा ठोकल्याचा आवाज झाला की कान द्या, आणि जो एक शब्द येईल तो वाटेत कुणाशी न बोलता, जसाच्या तसा, मला येऊन सांगा.